संशय ओसरला, पण अभ्यास जमत नाही: सायकोसिसचा धोका आणि डोक्याचा मंदावलेला वेग

बडोद्याच्या कारेलीबागेतून एका आईंनी विचारलं आहे. मुलगा २० वर्षांचा, इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वर्षभरात तो मित्रांपासून तुटला. खालच्या मजल्यावरचे लोक आपल्याबद्दल बोलतात असं म्हणू लागला. एकदोनदा कुणी नावानं हाक मारल्यासारखं वाटलं, पण 'कदाचित मलाच तसं वाटत असेल' असंही तोच म्हणायचा. मनोविकारतज्ज्ञांनी 'सायकोसिसचा धोका असलेली अवस्था' असं निदान सांगितलं. (सायकोसिस म्हणजे भास आणि भ्रम खरेच वाटू लागून वास्तवाशी नातं तुटणं.) समुपदेशन, कमी डोसची एक गोळी आणि हात थरथरू नयेत म्हणून दुसरी गोळी सुरू केली. काही महिन्यांत संशय बराच ओसरला, अभ्यास मात्र होत नाही. पान वाचून संपतं आणि डोक्यात काही राहत नाही. चाचण्यांच्या रिपोर्टमध्ये विचारांचा वेग आणि शाब्दिक स्मरण 'सरासरीपेक्षा कमी' आलं. आईंचे प्रश्न असे: लक्षणं कमी झाली तर डोकं का चालत नाही? हा आळस आहे का? आणि हे आकडे म्हणजे पुढे पूर्ण आजार होणार याची खूण समजायची का?

ताई, मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घरात सगळ्यात जास्त जखमा त्याच्यामुळे होतात. हा आळस नाही. तुम्ही जे वर्णन केलंय ते या अवस्थेतल्या मुलांमध्ये मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे आणि जगभरच्या अभ्यासांतही ते ठळकपणे नोंदलेलं आहे. संशय आणि भास ही एक बाजू, लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग ही दुसरी. या दोन बाजूंचा एकमेकींशी संबंध आहे, पण आपण समजतो त्यापेक्षा तो बराच सैल आहे. त्यामुळे एक सुधारली की दुसरी आपोआप सुधारेल ही अपेक्षा ठेवली की मुलावर अन्याय होतो.

आधी या अवस्थेबद्दल थोडं. १९९० च्या दशकात मेलबर्नमध्ये अ‍ॅलिसन युंग, पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे निकष बसवले. बहुतेक मुलं सौम्य लक्षणांमुळे या गटात येतात: संशय येतो पण त्यावर पक्का विश्वास बसत नाही, आवाज आल्यासारखा वाटतो पण शंका शिल्लक राहते. तुमचा मुलगा याच प्रकारात बसतो. काहींना स्पष्ट लक्षणं येतात, पण ती आठवडाभराच्या आत आपोआप जातात. आणि काहींच्या जवळच्या रक्ताच्या नात्यात सायकोसिस असतो व त्यांचं स्वतःचं रोजचं कामकाज अलीकडे खालावलेलं असतं. अशा मुलांपैकी तीन वर्षांत पूर्ण सायकोसिस होणाऱ्यांचं प्रमाण, अनेक अभ्यास एकत्र केल्यावर, साधारण चारांत एक निघतं. म्हणजे तिघांना तो होत नाही. हे आकडे विशेष क्लिनिकमध्ये मदत मागायला आलेल्या तरुणांचे आहेत, एरवी कुणाला कधीतरी भास झाला तर त्याला ते लावायचे नाहीत.

आता रिपोर्ट. विचारांचा वेग मोजताना बहुधा चिन्हं आणि आकडे जुळवायला देतात आणि दीड-दोन मिनिटांत किती जुळवले ते पाहतात. शाब्दिक स्मरणात शब्दांची यादी वाचून दाखवतात, लगेच म्हणून घेतात आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारतात. आकडे उलट्या क्रमानं म्हणायला लावणं ही वर्किंग मेमरीची, म्हणजे माहिती थोडा वेळ डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याच्या ताकदीची चाचणी. एका मिनिटात जेवढे आठवतील तेवढे प्राणी सांगणं ही शब्द सुचण्याच्या ओघाची. धोक्याच्या अवस्थेतल्या मुलांचा गट या सगळ्यांत निरोगी मुलांच्या थोडा मागे असतो. बऱ्याच अभ्यासांत हे अंतर सुमारे अर्ध्या प्रमाण विचलनाच्या आसपास किंवा त्याहून कमी येतं. साध्या भाषेत, १०० निरोगी मुलं गुणांनुसार रांगेत उभी केली तर धोक्याच्या गटातलं सरासरी मूल खालून तिसाव्या-एकतिसाव्या जागी येईल. ज्यांना सायकोसिसचा पहिला झटका येऊन गेलाय त्यांचं अंतर याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सोळाव्या जागेच्या आसपास. या सरासऱ्या आहेत. धोक्याच्या गटातली कित्येक मुलं निरोगी मुलांच्या बरोबरीनं किंवा पुढेही असतात.

इथून खरा विषय सुरू होतो. लक्षणांचे तीन गट मनात ठेवा. पहिला, संशय, विचित्र कल्पना, भास. दुसरा, शांत लक्षणं: बोलणं आटणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, स्वतःहून काही सुरू न करणं, माणसं नकोशी होणं. तिसरा, बोलण्या-वागण्यातला विस्कळीतपणा: वाक्य एकीकडे निघतं आणि भलतीकडेच जातं, समोरच्याला धागा सापडत नाही. स्मरण, लक्ष आणि वेग यांचा पहिल्या गटाशी संबंध फार कमी सापडतो. एखाद्या मुलाचा संशय किती तीव्र आहे हे कळलं तरी त्यावरून त्याच्या स्मरणाचा अंदाज करता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाशी मात्र संबंध दिसतो. तोही प्रचंड नाही, पण अभ्यासामागून अभ्यासात तो येत राहतो. ज्यांचा विचारांचा वेग कमी आणि शब्द सुचणं मंद, त्यांच्यात शांत लक्षणं जास्त. ज्यांचं शाब्दिक स्मरण आणि वर्किंग मेमरी कच्ची, त्यांच्या बोलण्यात धागा सुटण्याचं प्रमाण जास्त. स्किझोफ्रेनियात, म्हणजे सायकोसिसच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात, हेच चित्र अधिक ठळक दिसतं. धोक्याच्या अवस्थेत ते फिकट असतं, पण असतं.

आणि रोजचं आयुष्य, म्हणजे कॉलेज, मैत्री, वेळेवर उठणं, बँकेचं एखादं काम स्वतः करणं, याची सांगड संशयापेक्षा आकलनाशी (म्हणजे लक्ष, स्मरण आणि वेग यांच्याशी) आणि शांत लक्षणांशी जास्त आहे. बरेच अभ्यास असं सुचवतात की आकलनातल्या कमतरतेचा परिणाम आयुष्यावर पोचतो तो बऱ्याच अंशी शांत लक्षणांमार्फत. हे मला मुलांच्या बोलण्यातून अगदी पटतं. चार मित्र दांडिया बाजारात नाक्यावर गप्पा मारत असतात. पहिल्यानं विनोद केला, दुसऱ्यानं त्यावर दुसरा जोडला, तिसऱ्यानं विषय बदलला. ज्याचा वेग मंदावलाय तो अजून पहिल्या विनोदावरच असतो. तो हसतो तेव्हा बाकीचे थांबलेले असतात. असं काही वेळा झालं की तो तिथे जाणंच सोडतो. आपण त्याला माणूसघाणा म्हणतो. वर्गात तेच, घरी जेवताना तेच. पुन्हा पुन्हा अपयश आलं की 'मला नाही जमणार' हे मनात घट्ट बसतं आणि प्रयत्न करण्याची उमेदच जाते. ही मनात बसलेली हार समुपदेशनात धरता येते आणि सोडवता येते, म्हणून ती ओळखणं महत्त्वाचं.

दोन्ही बाजू इतक्या वेगळ्या का? मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. मेंदूतलं डोपामिन हे रसायन एखाद्या गोष्टीवर 'हे महत्त्वाचं आहे' असा शिक्का मारतं. ते नको तिथे शिक्के मारू लागलं की खालच्या मजल्यावरचं साधं हसणंही आपल्याचसाठी वाटतं. सायकोसिसवरच्या नेहमीच्या गोळ्या मुख्यतः या डोपामिनला आवर घालतात, म्हणून संशय उतरतो. लक्ष आणि स्मरण मेंदूच्या पुढच्या भागावर, हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागावर आणि त्यांच्यातल्या जोडण्यांवर अवलंबून असतात. तिथे या गोळ्यांचा हात फारसा पोचत नाही. आपल्याला वाटतं, ताप उतरला की अशक्तपणा मागोमाग जाईल. इथे बऱ्याचदा अशक्तपणा तापाच्या आधीपासून असतो. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा पाठपुरावा अजून चालू आहे. त्यातल्या ज्यांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला, त्यांच्या लहानपणच्या चाचण्या २०१० मध्ये नव्यानं तपासल्या गेल्या. शाब्दिक समज ७ व्या वर्षीच मागे होती आणि तशीच राहिली. वेग आणि वर्किंग मेमरी ७ ते १३ या वयात वाढत होती, पण सोबतच्या मुलांपेक्षा हळू. तेव्हा आजार अजून सुरू झालेला नव्हता.

म्हणूनच काळाची चालही वेगळी असते. सौम्य संशय आठवड्यागणिक चढतो-उतरतो: परीक्षा आली की वाढतो, चार दिवस झोप लागली की कमी होतो. चाचण्यांतलं आकलन महिनोन्महिने बरंचसं जागच्या जागी राहतं. ते घसरतच जाईल अशी धास्ती बाळगू नका. धोक्याच्या गटाला वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासलं तर सरासरी स्थिर राहते किंवा किंचित सुधारते, आणि त्यातला काही भाग सरावाचा असतो.

विचार आणि संशय यांचा घट्ट संबंध दिसतो अशी एक जागा आहे, तीही सांगतो. एक जुना प्रयोग आहे. दोन बरण्या. एकीत ८५ मणी लाल आणि १५ निळे, दुसरीत उलट. एकेक मणी काढून दाखवायचा आणि विचारायचं, कोणती बरणी? बहुतेक लोक काही मणी पाहून ठरवतात. ज्यांना भ्रम आहेत त्यांच्यातले बरेचजण एक-दोन मण्यांतच ठाम उत्तर देतात. धोक्याच्या अवस्थेतही ही घाई काही प्रमाणात दिसते. ही पुराव्याआधी निष्कर्षावर उडी मारण्याची सवय आहे, आणि वर्किंग मेमरी कच्ची असली की ती वाढते, कारण आधीचे चार मणी डोक्यात धरून ठेवणंच जड जातं. तुमचा मुलगा 'कदाचित मलाच तसं वाटत असेल' म्हणतो, ती त्याची फार मोठी ताकद आहे. समुपदेशनात हाच थांबा वाढवायचा असतो: आणखी काय कारण असू शकेल, आणखी कोणता पुरावा पाहता येईल. जर्मनीत हॅम्बुर्गच्या गटानं यासाठी तयार केलेलं प्रशिक्षण अनेक भाषांत वापरलं जातं.

रिपोर्टमधले कमी गुण आणखी कशाकशामुळे येऊ शकतात हे तपासल्याशिवाय त्यावर विश्वास टाकू नका. धोक्याच्या अवस्थेतल्या सुमारे ४० टक्के मुलांना सोबत नैराश्य असतं, काहींना चिंताही असते. दोन्ही वेग आणि लक्ष खाऊन टाकतात. झोप तर पहिलीच शंका. बडोद्यात नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळून दसऱ्यानंतर चाचणी दिलेल्या कुणाही मुलाचे गुण मी जपूनच वाचेन. मग गोळ्या. हाताच्या थरथरीसाठी दिली जाणारी गोळी बहुधा ट्रायहेक्सीफेनिडिल असते. ती नवं काही लक्षात ठेवण्याची ताकद कमी करते हे चांगलं माहीत आहे. झोपेसाठी क्लोनाझेपामसारखं काही असेल तर तेही. मी मानसशास्त्रज्ञ आहे, गोळ्या बदलणं माझं काम नाही, आणि तुम्हीही स्वतःहून काहीही बंद करू नका. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा: थरथर आता नसेल तर या गोळीची गरज आहे का? मुख्य गोळीबद्दलही विचारा. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की केवळ धोक्याच्या अवस्थेसाठी सायकोसिसविरोधी औषध देऊ नये, मानसोपचार द्यावेत. तुमच्या डॉक्टरांनी त्रास जास्त पाहून ती दिली असेल, त्यामागे कारण असू शकतं. ते कारण आणि मुदत तुम्हाला ठाऊक असावी.

आणि भाषा. आपल्या घरांत हा मुद्दा फार मोठा आहे. मूल घरी मराठी बोलतं, शाळा गुजराती माध्यमात होते, मित्रांशी गुजराती-हिंदी, कॉलेज इंग्रजीत. त्याला शब्दांची यादी इंग्रजीतून ऐकवली तर नेमकं काय मोजलं गेलं? प्राण्यांची नावं विचारली की मुलं 'टायगर, लायन' करत निघतात, मग 'बकरी, घोडो', मग 'ससा'. त्यांना एकाच भाषेत अडवलं तर ओघ तुटतो आणि गुण पडतात. मी कुठल्याही भाषेतला प्राणी मोजतो, तोच प्राणी दोन भाषांत आला तर एकदाच. बोलण्याच्या धाग्याबाबतही तसंच. आपल्याकडे एका वाक्यात तीन भाषा येतात, तो विस्कळीतपणा नव्हे. बाहेरगावच्या तपासणाऱ्याला तसा वाटू शकतो. तुलना कोणाशी केली तेही विचारा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचाला वय, लिंग आणि शिक्षणानुसार भारतीय प्रमाणकं आहेत. अमेरिकन मुलांशी तुलना केली असेल तर 'सरासरीपेक्षा कमी' या शब्दांचं वजन बरंच उतरतं.

आता भविष्याचा प्रश्न. आकलनाचा भाकिताशी संबंध आहे, हे लपवणार नाही. उत्तर अमेरिकेतल्या आठ-केंद्री अभ्यासात धोक्याच्या अवस्थेतले ६८९ आणि निरोगी २६४ जण तपासले गेले. पुढे ज्यांना सायकोसिस झाला त्यांचं स्मरण आणि लक्ष गट म्हणून सुरुवातीलाच अधिक कमजोर होतं. त्याच प्रकल्पातून २०१६ मध्ये जोखीम मोजण्याचं गणित तयार झालं. त्यात शाब्दिक स्मरण आणि चिन्हं जुळवण्याचा वेग आहे, पण सोबत विचित्र कल्पना व संशयाची तीव्रता, सामाजिक वावरातली घसरण आणि कमी वय हेही आहे. त्या गटात दोन वर्षांत सायकोसिस होण्याची शक्यता १६ टक्के निघाली. यातून घ्यायचं ते इतकंच की नुसत्या दोन कमी गुणांवरून एका मुलाचं भविष्य सांगता येत नाही. तुमच्या मुलाचा संशय उतरतोय, त्याची त्याला जाण आहे, तो उपचारांना येतोय. हे पारड्यात टाका. आणि उलटं भानही ठेवा: ज्यांना सायकोसिस होत नाही त्यातल्या बऱ्याच मुलांना अभ्यास आणि माणसांची अडचण उरते. धोका टळला म्हणून मदत थांबवणं ही मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट आहे.

मग करायचं काय? मोबाइलवरच्या 'ब्रेन गेम'वर पैसे घालवू नका. मूल त्या खेळात तरबेज होतं, अभ्यास तिथेच राहतो. प्रशिक्षित व्यक्तीसोबत केलेला आकलनाचा सराव, म्हणजे कॉग्निटिव्ह रेमिडिएशन, थोडा उपयोगी पडतो, विशेषतः शिकलेली युक्ती लगेच खऱ्या कामात वापरून पाहिली तर. नियमित दम लागेल असा व्यायाम मी प्रत्येकाला सांगतो. कमाटीबागेत सकाळी अर्धा तास झपाझप चालणं चालेल, सोबत वडील गेले तर आणखी चांगलं. झोपेची वेळ पक्की. गरब्याला बंदी नको, तिथे मित्र भेटतात, पण एक-दोन रात्री आणि वेळेत परत.

अभ्यासात युक्तीनं घ्या. या सत्रात सगळे विषय काढायचा हट्ट सोडून दोन-तीनच धरणं हा पराभव नाही. एका बैठकीत वीस मिनिटं, मग वाचलेलं वही मिटून दोन ओळींत लिहायचं. त्यानं स्मरणाला दुसरा रस्ता मिळतो. वर्गातलं बोलणं निसटत असेल तर प्राध्यापकांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करायचं. घरात एका वेळी एकच काम सांगा. 'येताना दूध आण, आत्याला फोन कर आणि तो फॉर्म भरलास का' हे तिन्ही एका दमात गेलं की त्यातलं एकच उरतं, आणि मग आवाज चढतो. सतत टोचून बोलण्यानं लक्षणं वाढतात हे अनेक दशकांच्या अभ्यासातून दिसलं आहे. आजींना 'बाहेरचं काही' वाटतं असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याशी वाद घालू नका. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर दवा आणि दुआ शेजारी शेजारी चालवण्याचा प्रयत्न आपल्याच राज्यात झाला आहे. आजींनी अंगारा लावावा, मुलाला उपाशी ठेवणं, डांबणं, गोळी तोडणं मात्र चालणार नाही.

संशयाचा पक्का विश्वास बनला, आवाज हुकूम देऊ लागले, खाणं-झोप तुटली किंवा मरणाचं बोलणं आलं, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मध्यरात्री काही सुचलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मरणाचा विचार येतो का हे मुलाला सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही.

चाचण्या दर महिन्याला करून घेऊ नका, सरावानं गुण फुगतात. सहा महिने ते वर्षभरानं, शक्यतो त्याच तपासणाऱ्याकडून आणि त्याच भाषेत. पुढच्या भेटीला आठवीपासून बारावीपर्यंतच्या गुणपत्रिका घेऊन जा. वेग पहिल्यापासूनच थोडा कमी होता की गेल्या वर्ष-दीड वर्षात पडला, हे त्यांवरून पुष्कळ कळतं, आणि दोन्हींचा उपचार वेगळ्या दिशेनं जातो. गोळ्यांची नावं आणि वेळा एका कागदावर, झोपण्या-उठण्याची दोन आठवड्यांची नोंद दुसऱ्यावर. ती नोंद मुलालाच करू द्या. रिपोर्ट त्याचा आहे, तेव्हा त्यातलं काय कळलं आणि काय नाही हे डॉक्टरांना आधी त्यानंच विचारावं, तुम्ही नंतर.